प्रवाशाची नमाज

कोटो रांबाई
शुक्रवार, १२ रजब

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही आणि माणसाची लेखणी उचलत नाही, त्या परमदयाळूच्या नावाने आरंभ करतो. थकल्याभागल्या वाटसरूलाही ज्यांनी ईश्वराची सवलत समजावून दिली, त्या प्रेषितांवर शांती असो.

बंधू बुस्तानुल यास, थोरला भाऊ खैदिर याचा सलाम.

बारा वर्षांत आपल्यात पत्रव्यवहार नाही. ईदेला रोस्माइनीचे शुभेच्छापत्र येते. मजकूर तुझ्या पत्नीचा आणि सहीही तिचीच. परंतु पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा असतो. तेवढ्यावरून मी तुझी प्रकृती ताडत आलो आहे. गेल्या ईदेला अक्षर थोडे थरथरले होते. साखर वाढली असल्यास भात कमी कर.

लिहिण्यास निमित्त असे घडले. गावाखाली, जिथे रस्ता डोंगराला वळसा घालतो, तिथे कोणीतरी एका जुन्या बसचा सांगाडा आणून ठेवला आहे. चाके गेली, इंजिन गेले. आत कॉफीचे दुकान निघाले आहे. काल दुपारच्या नमाजेनंतर मी तिथे गेलो आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीकडची जागा तुझ्यासाठी सोडून बसलो. दुकानदारीण मला गुरुजी म्हणून हाक मारत म्हणाली, “बुया, सरकून बसा की, कोणी यायचंय का?” मी कॉफी संपवून उठलो.

आपला पहिला प्रवास तुला आठवत असेल. बुकिटिंगीच्या स्टँडवर आईने मांसाच्या सुक्या रेंदांगचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि बजावले, “जावा बेटावर पोचल्याशिवाय उघडायचा नाही. तिकडचं जेवण म्हणजे मिठाईला हळद लावलेली. महिनाभर पुरवून खा.” पहिला घाट उतरण्याआधीच तू झाकण काढलेस. मी रागावलो, तेव्हा तू मला थोरल्या भावाची हाक मारत म्हणालास, “उदा, आई जावा म्हणाली, पण कुठल्या वळणापासूनचा, ते नाही म्हणाली.” पुढच्या बाकावरून मनान मामांनी मागे न बघता हात पसरला. “वास आलाय. ड्रायव्हरचा वाटा काढा, नाहीतर जावा दिसायचा नाही.”

आपल्याकडे आईचा भाऊ तो मामा, आणि गाडी हाकणाराही मामाच. दोघांच्या हाती आपला जीव असतो आणि दोघेही कोणाचे ऐकत नाहीत.

त्याच दुपारी सिजुंजुंगच्या पुढे गाडी थांबली आणि आपला पहिला वाद झाला. आजोबांनी शिकवले होते की प्रवाशाने चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, नमाज दोन रकातींत आटोपावी. दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची एकत्र म्हणावी. ही ईश्वराची देणगी आहे. मी अठरा वर्षांचा, शास्त्राचा नवा अभिमान अंगात, मी म्हणालो, “आपण धडधाकट आहोत. पूर्ण चार म्हणू.” तू ओल्या हातांनी टोपी सारखी करीत म्हणालास, “उदा, देवानं भेट पाठवली आणि तू म्हणतोस, नको, परत ने?” मनान मामा हॉर्नवर हात ठेवून म्हणाले, “दोन म्हणा, चार म्हणा, नाहीतर चाळीस म्हणा. माझी विडी संपली की गाडी सुटणार.”

आपण दोन म्हटल्या. त्या दिवसापासून जोगजाकार्ताच्या शिक्षणाच्या चारही वर्षांत, जाता-येता, त्या वाटेवर आपण दोनच म्हणत आलो.

लाहातचा तो म्हातारा तुला आठवतो का? त्या लहानशा प्रार्थनाघरात बांग तू दिलीस, म्हणून इमाम म्हणून पुढेही तूच उभा राहिलास. तुझ्या मागे मी आणि गावचे चार-पाच शेतकरी. प्रवासी इमामाने दोन रकातींनंतर सलाम फेरून नमाज संपवावी, मागे वळावे आणि सांगावे, तसे तू सांगितलेस: “आपण आपली पूर्ण करा. आम्ही प्रवासी आहोत.” त्यांनी उरलेल्या दोन आपापल्या म्हटल्या. मग तो म्हातारा गुडघे धरून उठत म्हणाला, “एवढी गोड बांग आणि नमाज अर्धीच? पुढच्या खेपेला मुक्कामाला ये पोरा, पुरी ऐकव.”

असो. आता मूळ गोष्ट.

आजोबांचे सुराऊ मी आजवर चालवले. पाच वेळांची नमाज, संध्याकाळी मुलांचे पाठ, रमजानात रात्रीचे पठण. या वर्षी मला ते पेलेलसे वाटत नाही. खोकला आहे, विशेष काही नाही. फोनच करणार होतो, पण खोकल्याने बोलणे तुटते, म्हणून कागद घेतला. रमजान सुरू होण्यापूर्वी तू यावेस आणि सुराऊत इमाम म्हणून उभे राहावेस, अशी माझी इच्छा आहे. रोस्माइनीला घेऊन ये. आईच्या घराचे छप्पर मी पावसाळ्याआधी शाकारून घेतले आहे.

ईश्वर तुम्हां उभयतांना आरोग्य देवो.

तुझा
खैदिर


कोटो रांबाई
गुरुवार, ३ शाबान

बंधू बुस्तानुल यास सलाम.

तुझे पोस्टकार्ड मिळाले. तू लिहितोस, “बोलावणं कोणाचं, उदा? तुझं की गावाचं? गावाचं नसेल तर मी कोणाच्या अंगणात उतरू?”

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ देतो. बोलावणे माझे आहे. गावाचे नाही.

अडतीस वर्षांपूर्वीचा पंचायतीचा ठराव अजून उठलेला नाही. तुला लग्नाकार्याचे आवतण येणार नाही. कोणी रोस्माइनीपुढे विड्याचे तबक ठेवणार नाही. बैठकीच्या चटईवर तुला जागा नाही. परंतु ठरावाची सत्ता चटईपाशी संपते. नमाजेच्या रांगेत कोणाला उभे राहू द्यावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही पंचायतीला नाही. हे मी तेव्हाही भर सभेत म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

तू कार्डावर पुढे लिहिले आहेस की मी त्यांच्याच चटईवर बसून त्यांच्याच मेजवान्या जेवलो. होय, जेवलो. आई इथे होती. सुराऊचा दिवा इथे होता. दोघेही निघून गेलो असतो, तर आपल्यामागे हे बोलायलाही कोणी उरले नसते. या एका बाबतीत तू मला दोष देत राहा. मी तो मान्य करीत नाही, परंतु तुझा दोष देण्याचा हक्क मान्य करतो.

आज फार दिवसांनी तिसऱ्या वर्षाचा तो प्रवास आठवून मला हसू आले. मुआरो बुंगोला एक मुलगी गाडीत चढली. परिचारिकेचे शिक्षण घ्यायला तीही जोगजालाच चालली होती. पोट ढवळून तिचा चेहरा पिकल्या लिंबासारखा पिवळा झाला होता. तू तिला खिडकीची जागा दिलीस. ती तू मलाही कधी दिली नव्हतीस. पुढे लुबुक लिंगाऊच्या अलीकडे गाडी चिखलात अशी रुतली की सगळे पुरुष उतरून चाकांखाली ओंडके सारू लागले. ती वर बसून खिडकीतून मनान मामांना सांगत होती, “मामा, डावीकडे नका घेऊ, तिकडे खड्डा आहे.” मामा म्हणाले, “बाई, ओकारी थांबली वाटतं. चला, गाडी रुतली ते बरंच झालं.” आणि तिने ज्या बाजूला घ्यायला सांगितले, त्याच बाजूने गाडी निघाली.

आपल्या माणसांत, बसमध्ये शेजारी कोणी येऊन बसले की आधी गाव विचारतात, मग कूळ. नाव तिसऱ्या क्रमांकाला. कूळ आईचे, ते कळले की कोण बहीण आणि कोण परकी ते कळते, आणि मग गप्पा कुठवर न्यायच्या तेही कळते. त्या दोन दिवसांत तिला कूळ कोणी विचारलेच नाही. मला वाटले, तू विचारले असशील, म्हणून इतका मोकळा बोलतो आहेस. तुला वाटले, मी विचारले असेन, म्हणून इतका गप्प बसलो आहे. शेवटी सामुद्रधुनी ओलांडताना, फेरीबोटीच्या कठड्याशी, केळ्याची भजी खाता खाता तिनेच सहज सांगितले, “आम्ही सिकुम्बांग.”

आपणही सिकुम्बांग. तू हातातले भजे समुद्रात टाकलेस. तिने विचारले, “तिखट लागलं का उदा?”

शास्त्राच्या दृष्टीने तुझ्यात आणि रोस्माइनीत काही नाते नव्हते. दहा पिढ्यांत रक्ताचा संबंध नव्हता, दोघांची गावे दोन टोकांना. धर्मग्रंथात जी नाती वर्ज्य सांगितली आहेत, ती मी सभेपुढे एकेक करून वाचून दाखवली. कुळाचे प्रमुख दातुक सिंदो यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “खैदिर, पुस्तक पवित्र आहे, ते कपाळाला लावतो. पण सगोत्र लग्न आमच्या आज्यानं केलं नाही, पणज्यानं केलं नाही. तुझ्या भावानं एक रेडा कापावा, सभेपुढे चुकलो म्हणावं. आम्ही विसरून जाऊ.” तू दारातूनच म्हणालास, “ईश्वरानं ज्याला चूक म्हटलं नाही, त्याला मी चूक म्हणणार नाही.” आणि बसस्टँडवर गेलास. तुझे म्हणणे तेव्हाही बरोबर होते. परंतु बरोबर असणे आणि घरी असणे, या दोन गोष्टी त्या दिवसापासून तुझ्यासाठी वेगळ्या झाल्या.

परवा दातुकांना भेटलो. वय झाले आहे. एका डोळ्याने दिसत नाही. मी म्हणालो, “बुस्तानला बोलावतोय, सुराऊत नमाज पढवायला.”

“रेडा आणतोय का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय. बांग ऐकू आली तर यावं, नाहीतर घरी म्हणावी.”

त्यांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात घेतली. “तुझा आवाज असा चिरका का झालाय?” एवढेच विचारले.

तुलाही आता सांगतो. खोकला नव्हे. घशात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात पादांगला कापून काढणार आहेत. डॉक्टर चांगला आहे, तरुण आहे, आणि त्याच्या डोळ्यांत खोटे नाही. म्हणाला, “जीव वाचेल, बुया. आवाजाचं सांगत नाही.”

पन्नास वर्षे या आवाजाने मी लोकांना बोलावत आलो. तो ज्याने दिला त्याला परत हवा असेल, तर माझी तक्रार नाही. फक्त सुराऊ एक दिवसही मुके राहू नये.

खैदिर


कोटो रांबाई
मंगळवार, १५ शाबान

बंधू,

शस्त्रक्रिया झाली. ईश्वराचे आभार. आवाज गेला. कुजबुजायलाही बंदी आहे. पाटी-खडू जवळ ठेवतो. गावातली लहान मुले मला प्रश्न विचारून मुद्दाम लिहायला लावतात आणि माझ्या अक्षराला हसतात.

तुझे दुसरे कार्ड उशाशी आहे. “येईन. पण प्रवासी म्हणून. तीन दिवस.”

तीन हा आकडा तू सहज लिहिलेला नाहीस. आपण दोघे एकाच आजोबांचे शिष्य आहोत. चार दिवस मुक्कामाचा निश्चय केला की माणूस मुक्कामी ठरतो आणि त्याला पूर्ण नमाज म्हणावी लागते. त्याहून कमी राहणारा वाटसरूच राहतो आणि त्याला अर्धीची मुभा. म्हणजे तू येणार, आपल्या आजोबांच्या सुराऊत उभा राहणार, आणि दोन रकाती म्हणून सांगणार की हे गाव माझे नाही.

बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू हेच केलेस. विमानाने आलास, मातीला खांदा दिलास. दुपारची बांग झाली. मी इमाम होतो. मुक्कामी इमामाच्या मागे उभा राहणाऱ्या प्रवाशालाही पूर्ण चारच म्हणाव्या लागतात; म्हणून तू माझ्या मागे उभा राहिला नाहीस. सगळे आत रांगेत असताना तू बाहेर व्हरांड्यात, खांबाशेजारी, एकट्याने दोन म्हटल्यास, सलाम फेरलास, चपला घातल्यास. आत मी चौथ्या रकातीत होतो आणि मला तुझ्या चपलांचा आवाज ऐकू आला. गाव बघत होते. तुझ्या त्या नमाजेत एकही चूक काढता येत नव्हती. तुझे घर जोगजाला, मुक्काम अर्ध्या दिवसाचा, सवलत तुझ्या हक्काची. चूक असती तर मला सोपे गेले असते. मी तुझी समजूत घातली असती.

तरीही तू ये. तीन दिवसांसाठी ये. दोन रकातींसाठी ये.

एक मात्र वेगळे आहे. या वेळी मी पुढे नसेन. मला तकबीरही, ‘अल्लाहु अकबर’ एवढेही, म्हणता येत नाही. पुढे तू असशील आणि मागे आम्ही. दोन झाल्यावर तू मागे वळून ते वाक्य म्हण, “आपण आपली पूर्ण करा. आम्ही प्रवासी आहोत.” आम्ही आमच्या उरलेल्या दोन म्हणू. लाहातच्या शेतकऱ्यांनी म्हटल्या, आम्ही का म्हणू नयेत? मी ओठ हलवीन.

रोस्माइनीला विमानाने त्रास होत असेल तर बसने या. आता रस्ता चांगला आहे, ओंडके लागत नाहीत. रेंदांग करून ठेवत नाही, कारण मला जमत नाही, आणि आईच्या रेंदांगची चव ज्याने घाटाच्या आतच संपवली त्याला दुसऱ्याचे देऊन काय उपयोग.

खैदिर


कोटो रांबाई
रविवार, २७ शाबान

बंधू बुस्तानुल,

हे पत्र टपालात पडणार नाही. मी सुराऊच्या व्हरांड्यात बसलो आहे आणि समोर आईच्या स्वयंपाकघरातून धूर निघतो आहे. तू आणि रोस्माइनी ओली लाकडे पेटवत आहात. तुझा खोकला इथवर ऐकू येतो, आणि तिचे बोलणेही: “चूल फुंकायची असते, तिला भाषण द्यायचं नसतं.” मला हाक मारता येत नाही, आणि पाटीवर हे सगळे मावणार नाही. म्हणून लिहितो. तू वर आलास की हातात देईन.

काल सकाळी बसमधून उतरलास तेव्हा तुझ्याकडे फक्त एक पिशवी होती. मी पाहिले. तीन दिवसांचे कपडे. रोस्माइनी माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “उदा, हे लाहातपर्यंत दोन-दोनच म्हणत आले. तिथं ते प्रार्थनाघर शोधायला उतरले होते. आता तिथं पेट्रोलपंप आहे.” तू पिशवी उचलून पुढे गेलास. काल दिवसभर तू प्रवासाने थकून आईच्या घरात पडून होतास आणि तिथेच नमाज म्हटलीस. किती म्हटल्यास, ते मी विचारले नाही.

आज दुपारची बांग तू दिलीस.

लोक आले. मला वाटले होते त्याहून जास्त आले. काही ऐकायला आले, काही बघायला आले. मी नियत तपासत नाही. शेवटी दातुक सिंदो नातवंडाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले आणि पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला, उभे राहिले. त्यांच्याकडे पाहून मला भीती वाटली, हे तुला खरे सांगतो. तू दोन रकातींनंतर वळून ते वाक्य म्हणालास, तर त्यांच्या तोंडावर ते कसे ऐकू येईल, याची भीती. तू म्हणणार हे ठरलेले होते. मीच तशी परवानगी दिली होती.

पहिली रकात झाली. दुसरी झाली. तू बसलास.

ती बैठक लहान असते. तू ती लांबवलीस. किती, ते मोजण्याची ती जागा नव्हे. माझ्या डावीकडे दातुकांचा श्वास वाजत होता. छपरावर कावळ्याची नखे वाजली. मला तुझी मान मागून दिसत होती. आजोबांसारखीच, कानामागे दोन वळ्या असलेली. आता ती उजवीकडे वळेल, सलाम होईल आणि संपेल, असे मला वाटले. मी डोळे मिटले. नमाजेत डोळे मिटू नयेत, हे मीच मुलांना शिकवतो.

मग तुझी तकबीर ऐकू आली आणि जमिनीच्या फळ्या हलल्या. तू उभा राहिला होतास. तिसऱ्या रकातीसाठी.

आपण दोघे जाणतो की प्रवाशाने नमाजेच्या मध्येच ती पूर्ण करण्याचे मनात आणले, तर पूर्णच करावी लागते. मग त्याला मागे येता येत नाही. तू ते केव्हा मनात आणलेस, बांग देताना की त्या बैठकीत, ते मी तुला विचारणार नाही. नियत ही माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातली गोष्ट आहे. मी फक्त तुझ्यामागे उठलो. माझे गुडघे इतक्या लवकर कधी सरळ झाले नव्हते.

चौथीनंतर तू सलाम फेरलास. मागे वळलास, आणि तुझ्या ओठांवर ते वाक्य नव्हते. मग पायऱ्यांशी, चपला शोधता शोधता, दातुक सिंदो आपला चांगला डोळा तुझ्याकडे करून म्हणाले, “मुसाफिर म्हणवतोस आणि चार म्हणतोस?”

तू म्हणालास, “म्हणवत होतो, मामा.”

गावाने तुला बाहेर काढले त्या दिवसापासून तू त्यांना दातुकच म्हणत आलास. आईच्या मातीच्या दिवशीही तू त्यांना दातुकच म्हणालास. आज तू त्यांना कुळाच्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसे मामा म्हणालास. ते ठरावाचे काही बोलले नाहीत, रेड्याचे काही बोलले नाहीत. उजव्या पायात चप्पल सरकवून झाली, डाव्या पायाची कुठे मिळेना, तेव्हा कुरकुरत म्हणाले, “संध्याकाळी येताना चपला उजवीकडे काढ. डावीकडे पाणी साचतं. इथं राहणाऱ्याला हे माहीत पाहिजे.”

तू “हो” म्हणालास. मग वाकून त्यांची डावी चप्पल पाण्यातून काढून झटकून दिलीस.

आता हे लिहीत असताना दातुकांची बहीण सावनाह खालच्या वाटेने येते आहे. तिच्या हातात झाकलेले तबक आहे. शाल डोक्यावरून नीट घेतली आहे, म्हणजे ती गप्पा मारायला आलेली नाही. आवतण द्यायला आली आहे. तिच्या नातीचे लग्न येत्या बुधवारी, रमजान लागण्याआधी उरकणार आहेत. ती आईच्या घराच्या पायऱ्या चढली. रोस्माइनी हातावरची राख पुसत बाहेर आली. सावनाहने झाकण काढले. पाने, सुपारी, चुना. रोस्माइनीने तबकाकडे पाहिले, मग तुझ्याकडे, आणि मग एक पान उचलले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पठण ऐकले. त्यातले एकही, हे पान उचलले गेले तितक्या शांतपणे, ऐकले नव्हते.

बुधवारपर्यंत राहिलास, तर आल्याचा दिवस सोडूनही तुझे चार दिवस होतात. मी सांगत नाही. तू मोजले असशीलच. पिशवीतले कपडे पुरणार नाहीत. माझे दोन सदरे आईच्या कपाटात आहेत, तुला खांद्यात सैल होतील, पण चालतील. आणि संध्याकाळी मुलांचे पाठ आहेत. त्यांना सांगून ठेवले आहे की नवा शिक्षक हसतो, पण उच्चार चुकला तर ऐकून घेत नाही.

ज्याने वाटा निर्माण केल्या आणि वाटांच्या शेवटी दारे ठेवली, त्याची स्तुती असो. जे आज कुठल्या तरी गाडीत, कुठल्या तरी घाटात, मांडीवर आईचा डबा धरून बसले आहेत, त्यांना तो सुखरूप पोहोचवो. ज्यांच्या घरी त्यांची वाट पाहिली जाते, त्यांना तो धीर देवो. ज्यांचे गाव त्यांना विसरले आहे, त्यांच्यासाठी तो एखाद्याच्या ओठांवर त्यांचे नाव ठेवो. आणि हा कागद ज्याच्या ज्याच्या हाती पडेल, तो आपला असो वा परका, त्याला पूर्ण नमाज म्हणता येईल असे एक ठिकाण या पृथ्वीवर लाभो. आमीन.

तुझा थोरला भाऊ
खैदिर